मानाची जागा आणि शेवटची जागा

लग्नाच्या मांडवात हल्ली एक दृश्य पुष्कळदा दिसते. तरुण मंडळी मधोमध नाचतात व वडीलधारी माणसे खुर्च्यांवर बसून पाहतात. ते पाहिले म्हणजे आम्हांस इंग्लंडातील एका जुन्या नृत्याची आठवण होते. त्यास कंट्री डान्स म्हणतात. आपण त्यास ग्रामनृत्य म्हणू.

१६५१ साली लंडनच्या जॉन प्लेफर्ड याने या नृत्यांचे पुस्तक छापले. त्यात शंभराहून अधिक नृत्यांच्या चाली व कृती दिल्या होत्या. त्यांचे मुख्य प्रकार तीन. पहिल्यात सारे गोल फेर धरतात. दुसऱ्यात चार जोडपी चौकोन करून मध्याकडे तोंड करतात. तिसरा प्रकार लांब रांगांचा: पुरुषांची एक रांग, तिच्यासमोर स्त्रियांची दुसरी.

या तिसऱ्या प्रकारातील खुबी वाचकांनी ध्यानी घ्यावी. शेजारची दोन जोडपी मिळून हात धरणे, गिरकी घेणे, जागा ओलांडणे अशा ठरलेल्या कृती करतात. एक आवर्तन संपले की वरचे जोडपे एक जागा खाली येते आणि खालचे एक जागा वर चढते. मग दोघांनाही नवे सोबती मिळतात. मोठ्या मेजवान्यांत मानाचे जोडपे वरच्या टोकास उभे राही. पण नृत्य सुरू होताच त्यासही पायरीपायरीने खाली यावे लागे, आणि शेवटी उभ्या असलेल्यांना वर जाण्याची पाळी येई.

पावले फार अवघड नसतात. बहुधा चालता येते त्यास नाचताही येते; फक्त आपली वेळ व दुसऱ्याची जागा सांभाळावी लागते. स्कॉटलंडात मात्र पावलांची नजाकत अधिक. तेथील संथ, डौलदार ‘स्ट्रॅथस्पे’ प्रसिद्ध आहे. अमेरिकेत रांगांचा ‘कॉन्ट्रा’ व चौकोनी ‘स्क्वेअर’ रुजला. तेथे एक जण पुढील कृती मोठ्याने पुकारतो.

एकोणिसाव्या शतकात वॉल्ट्झसारखी नृत्ये आली आणि रांगा मोडल्या. पुढे सेसिल शार्प यांनी खेडोपाडी हिंडून उरलेली नृत्ये टिपली, प्लेफर्डची जुनी पाने पुन्हा उलगडली व १९११ साली त्यांसाठी संस्था स्थापिली. म्हणून ती आजही नाचली जातात.

आपल्या गोमंतकातील मांडोतही स्त्रीपुरुष समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात, संथ लयीत पुढे येतात आणि बाजू बदलतात. युरोपातील अशा रांगांच्या नृत्यांशी त्याचे नाते अभ्यासकांनी दाखविले आहे. तेव्हा ही रीत आपणांस अगदीच परकी नाही.

पुढील लग्नात खुर्चीवर बसलेल्या आजींना कोणी हात देऊन उठविले, तर हे चार शब्द लिहिल्याचे आम्हांस सार्थक वाटेल. रांगेत त्यांची जागा आहेच. ती रिकामी राहू नये, इतकेच.