मधाचा उपयोग : कोणी, किती व कसा करावा

कल्याण सोडून कर्जतच्या बाजूस निघाले म्हणजे पहिले स्थानक विठ्ठलवाडीचे. येथपासून उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूरपर्यंत आता जवळजवळ सलग वस्ती झाली आहे. तरीपण मलंगगडाच्या पायथ्याची व बारवीच्या खोऱ्यातील गावे भातशेती आणि रान यांना धरून आहेत. तेथील कातकरी व ठाकर बांधव रानातून जो मेवा आणतात, त्यात करवंदे-जांभळांबरोबर मधही असतो. तो विकत घेणारे घर शहरातील असो वा खेड्यातील, मधाची बाटली फळीवर औषध म्हणून चढते आणि वर्षभर तेथेच राहते. आमचे मत असे आहे की, या बाटलीकडून आपण नको त्या अपेक्षा करतो, आणि ती जे खरोखर देऊ शकते ते मात्र घेत नाही. याहून गंभीर गोष्ट म्हणजे, जेथे तिचे झाकण मुळीच उघडू नये तेथे ते प्रथम उघडले जाते.

मध हे मुख्यतः अन्न होय. त्यात सुमारे १७ ते २० टक्के पाणी असते व उरलेला बहुतेक भाग फलशर्करा आणि द्राक्षशर्करा यांचा असतो. मोठ्या चमचाभर मधात सुमारे १७ ग्रॅम साखर येते. म्हणून मधुमेही माणसाने “साखर सोडली, मध घेतो” असे म्हणून समाधान मानू नये. रक्तातील साखर मधानेही वाढते. निरोगी माणसाने मात्र त्याचा स्वयंपाकात उपयोग अवश्य करावा. नाचणीची आंबील, लिंबाचे सरबत, शिळ्या भाकरीचा कुस्करा, दही यांत तो उत्तम लागतो. उकळत्या पदार्थात मध घालू नये. पदार्थ कोमट झाल्यावर घालावा. अति उष्णतेने त्याचा सुगंध उडतो आणि त्यातील किण्वके नष्ट होतात. मध तापवू नये असे आयुर्वेदानेही सांगितले आहे. फुलोऱ्याप्रमाणे मधाची चव बदलते. जांभळाचा मध गडद व किंचित कडवट असतो. ज्यांना साखरेच्या पाकाची सवय जडली आहे ते त्याला नाके मुरडतात, पण आमच्या जिभेला तोच अधिक रुचतो.

खोकल्यावर आल्याच्या रसातून मध देण्याची आपली जुनी रीत चांगली आहे. सर्दीनंतरच्या साध्या खोकल्यावर आधी मध घेऊन पाहावा, असा सल्ला २०१८ साली ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेनेही दिला. अर्थात हा सल्ला एक वर्षावरील मुलांसाठी व मोठ्यांसाठी आहे. दोन-तीन आठवडे खोकला हटत नसेल, ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर मधाची बाटली बाजूस ठेवून आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्यावी.

त्वचेसाठी मध उपयोगी पडतो तो त्याच्या ओलावा धरून ठेवण्याच्या गुणामुळे. थंडीत ओठ फुटले, टाचांना भेगा पडल्या, तर तुपात थोडा मध कालवून रात्री लावावा. चेहऱ्यासाठी मसुराच्या पिठात दूध व मध मिसळून पंधरा मिनिटांनी कोमट पाण्याने धुवावे. आधी कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून खाज येत नाही याची खात्री करावी. त्यात लिंबू पिळण्याची टूम मात्र उन्हात काम करणाऱ्या स्त्रियांनी उचलू नये, कातडी पोळते. मध लागला की केस पांढरे होतात ही भीती घरोघर आहे. एखाद्या वेळी मध लागल्याने कोणाचे केस पिकत नाहीत.

जखमेच्या बाबतीत आपल्याच राज्यातील एक काम सांगण्याजोगे आहे. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम् यांनी वरवर भाजलेल्या १०४ रुग्णांपैकी निम्म्यांच्या जखमांवर मध व निम्म्यांच्या जखमांवर रुग्णालयात नेहमी वापरले जाणारे चांदीयुक्त मलम लावून पाहिले. मधाच्या जखमा लवकर स्वच्छ झाल्या व लवकर भरल्या. १९९१ साली हे निष्कर्ष इंग्लंडच्या शल्यचिकित्सेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मधात पाणी अत्यल्प असते, तो आम्लधर्मी असतो आणि जखमेतील ओलाव्याने पातळ होताना त्यातून थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड सुटते. या तिन्ही कारणांनी जंतूंची वाढ खुंटते. परंतु हे उपचार रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली झाले होते, हे विसरून चालणार नाही. आता जखमेसाठी निर्जंतुक केलेला मध निराळा मिळतो. चुलीशी भाजल्यास घरी करावयाचे काम एकच : भाजलेला भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा व दवाखाना गाठावा.

मध खरा की खोटा, हे ओळखण्याच्या युक्त्या गावोगाव सांगितल्या जातात. पाण्यात थेंब टाकावा, वात भिजवून पेटवावी, मुंगी लागते का पाहावे. यांतील एकही भरवशाची नाही. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने बाजारातील १३ नामांकित मध तपासून घेतले, तेव्हा सर्व कसोट्यांना केवळ तीनच उतरले. संबंधित कंपन्यांनी तो निष्कर्ष नाकारला. प्रयोगशाळेत जेथे वाद होतो तेथे मुंगी काय निवाडा देणार? या युक्त्यांचा खरा फटका बसतो तो रानातून मध आणणाऱ्यास. थंडीत मध थिजला, तळाशी रवा धरला, की गिऱ्हाईक “साखर घातली” म्हणून तो परत करते. वस्तुतः द्राक्षशर्करेचे स्फटिक बनणे हा शुद्ध मधाचाही धर्म आहे. बाटली कोमट पाण्यात उभी ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. उलट, ज्या मधावर फेस येतो व ज्याला आंबूस वास येतो तो परत करावा, कारण त्यात पाण्याचा अंश जास्त राहिलेला असतो.

याचा उपाय संकलनाच्या वेळीच आहे. पोळे जाळून व अळ्यांसकट पिळून काढलेला मध टिकत नाही, आणि पुढील हंगामाच्या माश्याही जातात. आग्या माशी पेटीत राहत नाही, पण सातेरी राहते. महाबळेश्वर तालुक्यात पेटीतील मधमाशीपालन मुरले आहे. तेथील मांघर हे २०२२ साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. जांभळासाठी नाव मिळवलेल्या बदलापूरच्या परिसरात सातेरीच्या पेट्या का वाढू नयेत, हा प्रश्न विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या बैठकीत जरूर घ्यावा.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहिला ती. आपल्याकडे मूल जन्मले की सोन्याच्या अंगठीने मध-तूप चाटवतात, आणि पुढे कित्येक महिने बाळगुटी मधात उगाळून देतात. ही रीत मायेची आहे, तरीही ती थांबली पाहिजे. मधात, मग तो कितीही शुद्ध असो, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूची बीजे असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत. एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात मात्र ती रुजून विष निर्माण करू शकतात, व त्याने स्नायू लुळे पडतात. हा विकार १९७६ साली अमेरिकेत प्रथम ओळखला गेला. तो विरळा आहे, पण जीवघेणा ठरू शकतो. मध उकळूनही ही बीजे मरत नाहीत; म्हणून “आम्ही गरम करून देतो” हे उत्तर पुरेसे नाही.

आजीबाईंपुढे हे बोलताना कार्यकर्त्याने त्यांची चेष्टा करू नये. “आम्ही सगळे मध चाटूनच वाढलो” असे त्या म्हणतील व ते खरेही असेल. त्यांना सांगावे की, अंगठीचा विधी हवा असल्यास ती स्वच्छ धुऊन आईच्या दुधात बुडवावी. मान राहतो आणि बाळही सुरक्षित राहते. पहिले सहा महिने आईच्या दुधावाचून बाळाला गुटी, पाणी काहीच लागत नाही. पहिला वाढदिवस झाला की मधाला हरकत नाही.

चाटवून झालेच असेल तर घाबरवू नये, पण बाळावर लक्ष ठेवण्यास सांगावे. शौचास न होणे, रडण्याचा आवाज क्षीण होणे, दूध ओढता न येणे, पापण्या जड होणे, मान न धरणे व अंग सैल पडणे, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे, आणि मध दिला होता हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपण होऊन सांगावे.