पाताळात धाडलेला पाहुणा

पाडव्याला आपण बळीची आठवण काढतो. वामनाने त्याला पाताळात घातले, पण वर्षातून एकदा तो वर येतो म्हणतात आणि त्याने यावे अशीच आपली इच्छा असते. ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे आपण मनापासून म्हणतो. यंदा संपादकीय लिहायला बसलो तेव्हा मनात दुसराच एक पाताळवासी होता. त्याने मात्र हजारो वर्षे वर येता कामा नये.

२०२५च्या ऑगस्टमध्ये नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, समुद्रतळाच्या २,६०० मीटर खाली, कार्बन डायऑक्साइड भरायला सुरुवात झाली. ब्रेव्हिकच्या सिमेंट कारखान्याच्या धुरातून तो वेगळा काढला, थंड करून द्रवरूप केला, जहाजाने किनाऱ्यावरच्या टाक्यांपर्यंत नेला आणि तिथून नळाने खाली सोडला. सिमेंटचा उल्लेख मुद्दाम करतो आहे. चुनखडी भाजली की हा वायू दगडातूनच सुटतो. भट्टी सौर विजेवर चालवली, तरी सुटायचा राहत नाही. आपण ज्या स्लॅबखाली आकाशकंदील टांगतो, त्या स्लॅबचा हा हिशेब आहे. तरीही ब्रेव्हिकमध्ये हाती लागतो तो निम्माच वायू.

नॉर्वेला ही अक्कल आज सुचलेली नाही. १९९१मध्ये तिथल्या सरकारने समुद्रातल्या तेल-वायू कंपन्यांवर कार्बन कर बसवला. स्लाइपनर क्षेत्रातल्या नैसर्गिक वायूत कार्बन डायऑक्साइड इतका होता की तो काढल्याशिवाय माल विकला जाईना. काढून हवेत सोडावा, तर कर. १९९६पासून कंपनी तो वाळूच्या खडकात पुरू लागली, अनेक वर्षे वर्षाला दहा लाख टनांच्या आसपास. तंत्र चांगलेच होते, पण ते चालले ते हवेत फेकणे महाग झाले म्हणून.

जिथे कराची ही पाचर मारलेली नव्हती, तिथे काय झाले? टेक्सासमधल्या पेट्रा नोव्हा प्रकल्पाने कोळशाच्या वीजकेंद्रातला वायू पकडला आणि जुन्या तेलविहिरीत घातला, उरलेसुरले तेल वर यावे म्हणून. २०२०मध्ये तेलाचे भाव कोसळले, प्रकल्प बंद पडला, तो २०२३मध्ये पुन्हा उघडला. पृथ्वीच्या भल्यासाठी काढलेले दुकान तेलाच्या भावावर उघडते-मिटते, याला काय म्हणावे? मिसिसिपीतल्या केम्पर वीजकेंद्रावर सुमारे साडेसात अब्ज डॉलर खर्चले आणि २०१७मध्ये कोळशापासून वायू करून कार्बन पकडण्याचा बेतच सोडून दिला. ऑस्ट्रेलियातल्या गॉर्गन वायूप्रकल्पाने कार्बन पुरण्याचा ठरलेला आकडा अजून गाठलेला नाही.

जगभर वर्षाला पकडण्याची सोय आहे ती सुमारे पाच कोटी टनांची. आपण सोडतो सुमारे ३,७०० कोटी टन. हजारामागे दीडसुद्धा नाही.

मग आपला सह्याद्री? आइसलँडमध्ये २०१२ साली कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला, तेव्हा दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्के दगड होऊन बसला. बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पत्थर. दख्खनचे पठारच त्याचे, म्हणून आपल्याकडचे शास्त्रज्ञ त्याच्याकडे आशेने पाहतात. मुंबईच्या आयआयटीत कार्बन पकडण्याच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्रही आहे. पण आइसलँडच्या त्या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे पंचवीस टन पाणी लागते. मराठवाड्याला हे कोण सांगणार? शिवाय कोयनेचे भूकंप धरणाच्या पाण्याशी जोडले जातात. तेव्हा जमिनीच्या पोटात दाब वाढवण्याआधी इथे दहादा विचार करावा लागेल. कदाचित किनाऱ्यालगत, समुद्राच्या पाण्यावर काही जमेल. प्रयोग व्हावेत, सावकाश व्हावेत.

तोवर आमचे मत सरळ आहे. कोळशाच्या नव्या वीजकेंद्राला ‘पुढे वायू पकडू’ या वायद्यावर परवानगी देऊ नये. विजेला दुसरे मार्ग आहेत. हा महागडा खटाटोप आणि त्यासाठीचा सरकारी पैसा सिमेंट-पोलादासाठी राखावा, आणि हवेत फेकण्याला आधी दर लावावा.

न पटल्यास जरूर लिहा; विरोधातली पत्रे आम्ही आधी छापतो.