लिलावाने घरे उभी राहत नाहीत

मुंबईतल्या मोडकळीला आलेल्या उपकरप्राप्त इमारती सरकारने संपादित कराव्यात, त्यांचा जाहीर लिलाव करावा, सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याच्या हाती त्या सोपवाव्यात आणि आलेल्या पैशातून गरिबांसाठी दूर कुठेतरी घरे बांधावीत, असा सल्ला एका विद्वान गृहस्थांनी नुकताच दिला आहे. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: सरकार आणि महापालिका घरमालक म्हणून नालायक असतात. भाडेनियंत्रणाने चाळी सडवल्या. भाडेकरूंना इमारत चालवता येत नाही. ती त्यांना कवडीमोलाने देणे म्हणजे करदात्याच्या खिशात हात घालणे. न्यूयॉर्कनेही आपल्या पडक्या इमारती विकल्या आणि उजाड झालेले ब्रॉन्क्स पुन्हा वसले. मग मुंबईने का कचरावे?

बाकीचे सारे सोडून देता आले असते. न्यूयॉर्कचा दाखला वाचून मात्र गप्प बसवेना. न्यूयॉर्कने इमारती विकल्या हे खरे आहे. पण कोणाला, केवढ्याला आणि कोणत्या अटींवर विकल्या हे या गृहस्थांनी सांगितलेले नाही. जो भाग त्यांनी गाळला, तोच त्यांच्या मताच्या मुळावर येतो.

आधी किरकोळ मुद्दे. महापालिका चांगली घरमालक नसते, हे मान्य. २७ सप्टेंबर २०१३ रोजी डॉकयार्ड रोडला कोसळलेली आणि ६१ माणसांचा जीव घेणारी इमारत महापालिकेच्याच मालकीची होती. १९४० च्या पातळीवर भाडी गोठवून ठेवणे अन्यायाचे होते, हेही मान्य. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये तसे स्पष्ट म्हटले. पण डेट्रॉइट आणि सेंट लुईस इथे भाडेनियंत्रण नव्हते, तरी तिथल्या वस्त्या ओस पडल्या. तेव्हा सगळा दोष त्या एका कायद्याच्या माथी मारता येत नाही.

आता लिलाव. सत्तरच्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये काय घडत होते ते नीट पाहिले पाहिजे. कारखाने शहर सोडून गेले होते, ऐपतदार गोरी कुटुंबे उपनगरांत निघून गेली होती. कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन लोकांच्या वस्त्यांना बँका कर्ज देत नव्हत्या. १९७५ मध्ये तर शहर दिवाळखोरीच्या दारात उभे होते. दक्षिण ब्रॉन्क्समध्ये आगी लागत होत्या आणि त्याच काळात तिथली अग्निशमन पथके बंद केली जात होती. घरमालक दुरुस्ती थांबवत, मग हीटिंगचे तेल थांबवत, शेवटी मालमत्ता कर थांबवत. भाडे मात्र मिळेल तोवर घेत. काहींनी विम्याच्या पैशांसाठी स्वतःच्याच इमारती पेटवून दिल्या. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्रॉन्क्समधल्या सात जनगणना विभागांनी आपल्या ९७ टक्क्यांहून अधिक इमारती गमावल्या. ऑक्टोबर १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर शार्लट स्ट्रीटवर गेले, तेव्हा ते उभे होते ते ढिगाऱ्यांमध्ये.

या काळात शहराचे धोरण काय होते? तीन वर्षे कर थकला की शहर इमारत ताब्यात घेई आणि लिलावात काढी. आपल्या विद्वान गृहस्थांना हवे आहे तेच. लिलावात इमारत घेणारा थोडी रक्कम भरून मालक होई, भाडी वसूल करी, ना दुरुस्ती करी ना कर भरी, आणि इमारत पिळून झाली की ती पुन्हा शहराच्या गळ्यात पडे. मग पुन्हा लिलाव, पुन्हा तसलेच गिऱ्हाईक. प्रत्येक फेरीत नळ जास्त गळके, छप्पर जास्त भोकांचे, आणि आत राहणारी माणसे जास्त हताश. १९७६ मध्ये शहराने कायदा कडक केला आणि तीन वर्षांची मुदत एका वर्षावर आणली. मालक घाबरून कर भरतील अशी अपेक्षा होती. मालकांनी इमारतींवर पाणी सोडले. काही वर्षांतच राहती आणि रिकामी मिळून सुमारे एक लाख घरे शहराच्या मालकीची झाली. तेव्हा कुठे राहत्या इमारतींचे लिलाव थांबवण्याचे शहाणपण सुचले.

हा न्यूयॉर्कपुरता अपघात नव्हता. दोष लिलावाच्या गणितातच आहे, म्हणून ते गणित मांडतो. समजा, एका पडक्या इमारतीला दुरुस्तीसाठी एक कोटी रुपये लागणार आहेत. दोन गिऱ्हाइके आली. पहिल्याला इमारत खरोखर दुरुस्त करून त्याच लोकांना परवडेल अशा भाड्याने द्यायची आहे. त्याला आपल्या बोलीतून तो एक कोटी वजा करावाच लागतो. दुसऱ्याला दुरुस्ती करायचीच नाही, त्यामुळे काही वजा करायचे कारण त्याला नाही. बोली कोणाची मोठी होईल? म्हणजे सर्वांत मोठी बोली हा निकष लावला, की दुरुस्ती करू पाहणारा आपोआप बाहेर फेकला जातो. निवड होते ती नेमकी ज्याच्या हाती इमारत जाऊ नये त्याची. जमिनीला भाव नसेल तर असा माणूस भाडी पिळतो. जमिनीला सोन्याचा भाव असेल, जसा गिरगावात आणि परळला आहे, तर तो भाडेकरूंना हुसकावतो. दोन्हीकडे घर जाते ते आत राहणाऱ्याचे.

दुसरा प्रकार मुंबईला शिकवायची गरज नाही. २००५ साली गिरणगावातल्या सार्वजनिक मालकीच्या गिरण्यांच्या जमिनी लिलावात गेल्या. मोठमोठ्या बोली लागल्या आणि कौतुकाचे मथळेही छापून आले. त्याआधी, २००१ मध्येच नियम असा बदलला होता, की खुल्या जागांसाठी आणि परवडणाऱ्या घरांसाठी द्यायचा वाटा गिरणीच्या सगळ्या जमिनीवर मोजायचा नाही, फक्त मोकळ्या तुकड्यावर मोजायचा. त्या वेळीही आम्हाला हेच सांगितले गेले: जमिनीला खरी किंमत मिळू द्या, त्या पैशातून कामगारांचे भले होईल. तिथे आज काच लावलेल्या कचेऱ्या, मॉल आणि मनोरे उभे आहेत. वाटा सगळ्या जमिनीवर मोजावा ही आमची बाजू न्यायालयात हरली, हे मला माहीत आहे. पण हरलेली बाजू खोटी ठरत नाही, आणि लोअर परळच्या पुलावरून एकदा नजर फिरवली की कोणते भाकीत खरे निघाले ते दिसते. वीस वर्षांनी तोच सल्ला नवा म्हणून चाळींच्या दारात येतो आहे, याचा संताप येतो.

न्यूयॉर्ककडे परत येऊ. लिलाव थांबल्यावर १९७८ पासून तिथे वेगळी वाट धरली गेली. भाडेकरूंनी एकत्र यायचे, संघटना नोंदवायची, शहराकडून इमारत तात्पुरत्या भाडेपट्ट्याने चालवायला घ्यायची. हिशेब ठेवणे, भाडी गोळा करणे, बॉयलर सांभाळणे यांचे प्रशिक्षण मिळे. मोठी दुरुस्ती शहर करून देई. संघटनेने कारभार नीट चालवून दाखवला, की इमारत सहकारी संस्थेच्या नावावर होई, आणि प्रत्येक घराची किंमत होती २५० डॉलर. मॅनहॅटनमध्ये २५० डॉलर! सोबत अट: पुढे घर विकायचे तर मर्यादित उत्पन्नाच्या माणसालाच. बोलीच्या भाषेत ही उधळपट्टी वाटेल. पण शहराने किंमत कमी घेतली ती अटीच्या बदल्यात.

भाडेकरूंना इमारत चालवता येत नाही म्हणणाऱ्यांनी हार्लेममधल्या अशा इमारतींवरचे सुझन सेगर्ट आणि जॅकलिन लेव्हिट यांचे १९९० चे पुस्तक वाचावे. मालकाने टाकलेल्या इमारती तिथे तगून राहिल्या, आणि त्या सांभाळण्यात पुढाकार होता तो बऱ्याचदा वयस्कर कृष्णवर्णीय बायकांचा. मालकाने सोडले, बँकेने सोडले, शहर सोडायच्या बेतात होते. या बायकांनी सोडले नाही. सगळ्या संस्था यशस्वी झाल्या असे मी म्हणत नाही. काही पुढे कर्जात आणि कराच्या थकबाकीत बुडाल्या. पण काही संस्था बुडाल्या म्हणून भाडेकरू नालायक ठरत असतील, तर लिलावातून परत आलेल्या इमारतींवरून खासगी गिऱ्हाईक काय ठरते?

स्वस्तात दिले की काम होते, असेही नाही. बाल्टिमोरने १९७३ पासून पडकी घरे एका डॉलरला दिली. अट एवढीच, की ठरावीक मुदतीत घर राहण्याजोगे करायचे आणि स्वतः तिथे राहायचे. पण दुरुस्तीचा खर्च हजारो डॉलरचा. तो झेपेल, कर्ज मिळेल, अशा मध्यमवर्गीयांनाच ती घरे परवडली. ओटरबीन नावाची वस्ती त्यातून देखणी झाली आणि महागही झाली. शहराला त्याचा उपयोग झाला, गरिबाला फारसा नाही. म्हणून प्रश्न लाख रुपयांना द्यायचे की एका रुपयाला, हा नाही. खरेदीखतात काय लिहिले आहे आणि दुरुस्तीचा पैसा कुठून येणार आहे, हे दोन प्रश्न आहेत. आपले विद्वान गृहस्थ या दोन्हींबद्दल एक वाक्यही लिहीत नाहीत.

दुरुस्तीच्या पैशाचे उत्तर न्यूयॉर्कला उशिराने सापडले. १९८३ मध्ये महापौर एड कॉच यांच्या कारकिर्दीत महामार्गावरून दिसणाऱ्या ओसाड इमारतींच्या खिडक्यांवर पडदे आणि कुंड्यांची चित्रे असलेले स्टिकर चिकटवले गेले होते. त्याच कॉच यांनी १९८६ मध्ये दहा वर्षांची गृहयोजना जाहीर केली. पुढे तिच्यावर पाच अब्ज डॉलरच्या आसपास खर्च झाला, आणि त्यातला मोठा वाटा शहराच्या स्वतःच्या भांडवली अंदाजपत्रकातून आला. रिकाम्या इमारती एकेका डॉलरला बिगरनफा संस्थांना आणि छोट्या स्थानिक विकासकांना दिल्या, दुरुस्तीसाठी एक टक्का व्याजाची दीर्घ मुदतीची कर्जे दिली, मालमत्ता करात सवलत दिली, आणि भाडी किती ठेवायची ते करारात बांधून घेतले. दीड लाखाच्या वर घरे यातून बांधली किंवा दुरुस्त केली गेली. ब्रॉन्क्स पुन्हा वसले ते असे. जिथे करारांची मुदत संपते तिथे आता भाडी वाढण्याची भीती आहे, आणि नंतरच्या एका योजनेत छोट्या मालकांची घरेही गेली, त्यावरून वाद झाला. ते दोषही आपण पाहून ठेवावेत.

मुंबईत काय करावे? इमारती रहिवाशांच्या संस्थांना देण्याची सुरुवात आपल्याकडेही झालेली होती. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये उपकर लावला तेव्हा १९,६४२ इमारती त्याखाली आल्या. १९८६ मध्ये, न्यूयॉर्कची योजना आली त्याच वर्षी, म्हाडा कायद्यात आठ-अ प्रकरण घालण्यात आले. ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर सरकार इमारत संपादित करून त्यांना देईल, आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम मिळेल. मालक न्यायालयात गेले. सर्व खासगी मालमत्ता समाजाची भौतिक संसाधने ठरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाचा बहुमताचा निकाल ५ नोव्हेंबर २०२४ रोजी आला. या निकालानंतर मालकाचा मोबदला शंभर पटीपेक्षा वाढवावा लागला तर वाढवावा. मला त्यात अडचण दिसत नाही. आठ-अ प्रकरणाची खरी उणीव निराळी होती. जागा संस्थेची होईल, पण ती दुरुस्त करायला किंवा नव्याने बांधायला पैसा कोण देणार, याची सोय नव्हती. पगारावर जगणाऱ्या पन्नास भाडेकरूंना बँक बांधकामाचे कर्ज देत नाही. मग तेच लोक विकास नियमांतले वाढीव चटईक्षेत्र घेऊन विकासकाच्या दारात उभे राहतात, संक्रमण शिबिरात जातात आणि वर्षानुवर्षे तिथेच अडकतात.

म्हणून मागणी साधी आहे. रहिवाशांच्या संस्थांसाठी अल्प व्याजाचा कर्जनिधी उभारावा, ज्या इमारती दुरुस्त होऊ शकतात त्या आधी दुरुस्त कराव्यात, आणि घराच्या पुढच्या विक्रीवर उत्पन्नाची अट करारात पक्की लिहावी. निधी कुठून आणायचा, हे न्यूयॉर्कने दाखवले आहे: नदीत भर टाकून वसवलेल्या बॅटरी पार्क सिटीच्या महागड्या इमारतींपासून आलेले काही उत्पन्न तिथे जुन्या वस्त्यांतल्या घरांकडे वळवले गेले. वांद्रे-कुर्ला संकुलात कचेऱ्यांचे भूखंड भाडेपट्ट्याने देताना जाहीर बोली लागते. तिथे कोणी आधीपासून राहत नाही, कोणाचे छप्पर जात नाही. लिलाव तिथे जरूर व्हावा, बोली जेवढी चढेल तेवढी चढू द्यावी, आणि त्या रकमेतला ठरलेला हिस्सा गिरगाव, काळबादेवी आणि डोंगरीच्या चाळींच्या कर्जनिधीत जमा व्हावा.