थेंब एकीकडे, गळती दुसरीकडे

रोजमेळाची बेरीज जुळत नाही तेव्हा जाणता व्यापारी शेवटच्या पानावरील आकडा खोडत बसत नाही. फरक जेथे दिसतो तेथेच चूक असते असे नाही, हे ओळखून तो एकेक नोंद तपासत मागे जातो. जुन्या मोटारीखाली पडलेल्या ऑइलच्या थेंबाकडेही याच दृष्टीने पाहावे लागते.

उदाहरणादाखल माझदा कंपनीची एमएक्स-५ ही दोन आसनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार घेऊ. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. अमेरिकेत ती मिआटा या नावाने ओळखली जाते. तिच्या पहिल्या पिढीचे उत्पादन १९९७ मध्ये थांबले, म्हणजे त्यांतील सर्वांत नवी गाडीही आज पाव शतकाहून जुनी आहे. परदेशी स्थायिक झालेल्या एखाद्या आप्ताने ती हौसेने बाळगली असेल, तर पुढील तक्रार त्याच्या परिचयाची असण्याचा संभव आहे.

इंजिन व गिअरबॉक्स जेथे जोडले जातात, त्या सांध्याखाली ऑइल ठिबकू लागते. क्रँकशाफ्टचे मागील सील गेले, असा तर्क लगेच केला जातो. ते बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सीलची किंमत अल्प, पण मजुरी भारी. प्रत्यक्षात पुष्कळदा दोष बराच वर असतो. सिलिंडर हेडच्या मागील टोकाला कॅमशाफ्टची स्थिती टिपणारा एक सेन्सर असतो. त्याची रबरी ओ-रिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होते आणि तेथून निसटलेले ऑइल इंजिनच्या पाठीवरून ओघळत त्या सांध्यापर्यंत येते. ही ओ-रिंग अगदी स्वस्त असते. मात्र सेन्सर काढण्यापूर्वी त्याच्या मूळ स्थितीची खूण करून ठेवावी. इग्निशनचे टायमिंग तिच्यावर अवलंबून असते. काम झाल्यावर टायमिंग तपासून घेणे इष्ट.

मूळ शोधण्याची रीत साधी आहे. थंड इंजिन नीट धुऊन कोरडे करावे, थोडी गाडी चालवावी आणि मग विजेरीने पाहावे. ऑइल खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे ढकलले जाते; म्हणून सर्वांत वरची व सर्वांत पुढची ओली जागा हीच संशयाची जागा. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवल्यास थेंबांचे ठिकाण व रंगही कळतो. तपकिरी वा काळसर डाग बहुधा इंजिन ऑइलचा. गंधकासारखा उग्र वास आल्यास गिअरबॉक्सकडे पाहावे. सील बदलण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्हही तपासावा. तो तुंबला, तर इंजिनमधील दाब वाढून चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर पडते आणि नव्या सीलचा खर्च वाया जातो.

दर आठवड्याला डिपस्टिक पाहून ऑइलची पातळी राखली, तर पुठ्ठ्यावरील एखाददुसऱ्या थेंबासाठी घाई करण्याचे कारण नाही. परंतु जळक्या ऑइलचा वास येत असेल, तप्त एक्झॉस्टवर ते पडत असेल किंवा क्लच घसरू लागला असेल, तर विलंब करू नये. एक्झॉस्टवरील ऑइल पेट घेऊ शकते. गळती थांबवणारी म्हणून विकली जाणारी औषधे बहुधा रबर फुगवून काही काळ वेळ मारून नेतात. जीर्ण ओ-रिंग त्यांनी नवी होत नाही.

आणि खरोखर मागील सीलच गेले असेल, तर गिअरबॉक्स उतरवलेलाच असताना क्लचही तपासून घ्यावा. एकाच मजुरीत दोन कामे होतात. मिस्त्रीला मात्र आधी एवढेच विचारावे, “गळती नेमकी कोठून आहे, ते दाखवता का?” त्याने बोट ठेवून जागा दाखवली, की मगच खर्चाला संमती द्यावी.