पडवीचे वासे : जाडीपेक्षा उंची मोलाची

गुरे बांधण्यासाठी अथवा अवजारे ठेवण्यासाठी घरास किंवा गोठ्यास लागून पडवी काढण्याचा प्रघात आपल्याकडे सार्वत्रिक आहे. अशा पडवीचे खांब पाहावेत तर ते भरभक्कम असतात; परंतु वर दृष्टी टाकावी, तो वासे बारीक, दूरदूर बसविलेले व काही पावसाळ्यांतच बाकलेले आढळतात. शेतकरी लाकडावर खर्च करीत नाही असे नव्हे. तो खर्च चुकीच्या जागी होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

खांबावर भार सरळ खाली येतो व बेताचा खांबही तो पेलतो. वाशाची गोष्ट वेगळी. त्यास दोन टोकांच्या आधारावर सर्व कौलांचे ओझे वाहावयाचे असते. एक चौरस मीटर छपरास मंगलोरी कौले सुमारे १५ लागतात. प्रत्येकी दोन ते अडीच किलो धरले तरी नुसत्या कौलांचे वजन ३० ते ३८ किलो भरते. पावसात भिजलेली कौले व दुरुस्तीसाठी वर चढणारा मनुष्य यांचा भार निराळाच.

येथे दोन नियम ध्यानी ठेवावेत. पहिला नियम लाकूड बसविण्याचा. ४×२ इंची वासा आडवा न बसविता उभा, म्हणजे चार इंचांची बाजू खाली-वर ठेवून, बसविला तर त्याची ताकद दुप्पट होते व बाक एक चतुर्थांशावर येतो. लाकूड तेच, पैसा तोच! दुसरा नियम गाळ्याचा. दोन आधारांमधील अंतर सात फुटांऐवजी दहा फूट केले की वाशावरील ताण दुप्पट व बाक चौपट होतो. म्हणून सात फुटांच्या पडवीचे माप पाहून दहा फुटांच्या पडवीसाठी लाकूड आणणे हे संकटास आमंत्रण होय.

कौलारू पडवीसाठी माझा हिशेब असा. गाळा सात फुटांपर्यंत असल्यास ३×२ इंची व दहा फुटांपर्यंत असल्यास ४×२ इंची वासे, सर्व उभे, दीड दीड फुटावर बसवावेत. खांब आठ फुटांहून दूर नसावेत व त्यांवरील तुळई ५×३ इंची, उभी असावी. रीपांचे अंतर सुमारे एक फूट येते. तरी कौले एकमेकांत बसवून ते प्रत्यक्ष मोजूनच खिळे ठोकावेत. ही मापे निकोप व वाळलेल्या लाकडासाठी आहेत. मध्यभागी मोठी गाठ अथवा चीर असलेला वासा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

कौलांऐवजी पत्रे घातले की वासे कमी केले तरी चालेल, असे कित्येकजण म्हणतात. भार हलका होतो हे खरे. परंतु वारा छपरास वर उचलू पाहतो आणि त्यास खाली दाबून धरणारे कौलांचे वजन मात्र नाहीसे झालेले असते. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळात असंख्य घरांचे पत्रे उडाले, हे कोकणातील शेतकरी विसरलेले नाहीत. तेव्हा वाचलेल्या पैशातून पत्रा वाशास, वासा तुळईस व तुळई खांबास लोखंडी पट्टी व बोल्टने जखडून घ्यावी.

सुताराचा अनुभव मोलाचा आहे, यात शंका नाही. तथापि त्याचे अंदाज बहुधा जुन्या जाड सागवानावर बसलेले असतात; आज बाजारात मिळणारे लाकूड तसे नसते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लाकूड खरेदीपूर्वी शेतकऱ्याबरोबर जागेवर जाऊन गाळा मोजावा, वाशांची संख्या काढावी व मापांची यादी त्याच्या हाती द्यावी. या कामास अर्धा तास पुरतो. छपराखाली मनुष्ये वावरतात व दुभती जनावरे बांधलेली असतात, एवढे स्मरण ठेवले म्हणजे हा अर्धा तास कोणासही जड वाटणार नाही.