विहिरीचे पाणी आणि नातवंडांचे मासे



आपल्या याकोब आजोबांनी एफ्राईम आणि मनश्शे या नातवंडांना आशीर्वाद दिला, त्यातल्या ‘वाढा’ या हिब्रू शब्दात ‘दाग’ म्हणजे मासा लपलेला आहे. आता तर नातवंडांच्या खोलीत माशांची काचेची टाकी असते. मोशावातल्या एका आजींनी विचारले आहे, “आमच्याकडे विहिरीचे पाणी शुद्ध होऊन येते. आम्ही पितो, मग माशांना का चालू नये?”

चालते, पण आधी एक गोष्ट विचारायची: शुद्ध करताना त्या पाण्यात घातले काय आणि त्यातून काढले काय?

आम्हा नर्स लोकांना हे डायलिसिसमुळे पक्के ठाऊक. एका वेळच्या डायलिसिसला शंभर लिटरहून जास्त पाणी लागते, आणि रक्त व ते पाणी यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. आपण पितो तेच क्लोरीनचे पाणी तिथे गेले तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. माशाचे कल्लेही तसेच, पाणी आणि रक्त यांच्यामध्ये पातळसा पडदा. म्हणून आपल्याला गोड लागणारे पाणी त्याला बाधू शकते.

क्लोरीन घातले असेल तर पाणी बादलीत एक दिवस उघडे ठेवा, हवेचा पंप सोडा. क्लोरीन उडून जातो. क्लोरामाइन मात्र असा उडत नाही. त्यासाठी माशांच्या दुकानातून थेंबांचे औषध आणावे.

घरी मिठाचा सॉफ्टनर असेल तर तो कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम देतो. माशांना कॅल्शियम हवे असते. त्यांच्यासाठी सॉफ्टनरच्या आधीच्या नळाचे पाणी घ्या. आरओचे पाणी तर जवळजवळ रिकामेच, त्यात थोडे साधे पाणी मिसळावे लागते.

विहिरीचे ताजे पाणी कधी कधी प्राणवायूला कमी असते. त्यालाही एक दिवस बुडबुडे द्यावे आणि मगच पीएच बघावा, कारण तोवर तो बदलतो.

मुलांनो, पाणी जड असेल तर गप्पी आणि मॉली आणा. डासांची पिल्ले खायला भारतात विहिरीत, हौदात सोडतात ना, तेच हे गप्पी, आजोबांना विचारा! ॲमेझॉनकडच्या निऑन टेट्राला मऊ पाणी लागते. सगळे पाणी एकदम बदलू नका. आठवड्याला पाव टाकी पुरे, आणि नवे पाणी तेवढेच कोमट. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यात खळबळावा, नाहीतर उपयोगी जंतू मरतात.

आता सुनांसाठी एक महत्त्वाचे. शेतातल्या खतांमुळे विहिरीत नायट्रेट उतरते. माशांच्या चाचणीपट्टीवर तो रंग गडद आला तर पाणी प्रयोगशाळेत दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. तसल्या पाण्यात तान्ह्या बाळाचे पावडरचे दूध कालवू नये, बाळ निळे पडू शकते. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होते.

आणि आजी-आजोबांनो, एका रात्रीत मासे दगावले तर पोराला “तूच जास्त खायला घातलेस” असे लगेच बोलू नका. आधी पाणी तपासा.

सर्वांना शालोम!