लेस्टरमधला पहिला महिना

वाचकहो, या सदरात इंग्लंडातल्या लेस्टर शहराविषयी लिहिले की एक प्रश्न हमखास येतो. मुलाबाळांना घेऊन गेलात, पण पहिले दिवस काढलेत कसे? विचारणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरी मुलगी किंवा सून नर्सिंग शिकते आहे. म्हणून आज तो महिना, काही न लपवता, सांगतो.

आमच्या घरातून परदेशी आधी गेली ती मुलांची आई. जीएनएम करून तिने मुंबईच्या एका खासगी रुग्णालयात अकरा वर्षे काढली होती. इंग्रजीची परीक्षा झाली, संगणकावरची झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती एकटीच लेस्टरला रुजू झाली. पण रुजू झाली म्हणजे नर्स झाली असे इथे नाही. 'ऑस्की' नावाची प्रात्यक्षिक परीक्षा पास होईपर्यंत नोंदणी मिळत नाही, तोवर पगारही खालच्या श्रेणीचा. आठ महिन्यांत नोंदणी झाली नाही तर व्हिसाच धोक्यात. संधी तीन. परीक्षेत दहा टप्पे असतात, त्यांना स्टेशन म्हणतात. डिसेंबरात ती पहिल्यांदा बसली आणि दोन स्टेशनांवर नापास झाली. तिने फोनवर हे सांगितले तेव्हा आमची तिकिटे निघाली होती, पतपेढीचे कर्ज उचलून झाले होते आणि स्टोअरकीपरच्या नोकरीचा राजीनामाही देऊन झाला होता.

आम्ही आजीला विचारले, थांबावे का? आजी म्हणाली, "आता मागं फिरू नका. ती तिथं एकटी रडत बसंल."

जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात विक्रोळीच्या टागोरनगरातून निघालो. आम्ही, दहा वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. क्षयाची तपासणी व्हिसाआधीच झाली होती. सामान बांधताना खरी लढाई आजीशी झाली. तिने घरचे तूप आणि पेढे दिले होते. दूध-दुभत्याचे आणि मटणाचे पदार्थ भारतातून इंग्लंडात नेऊ देत नाहीत. तूप काढले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. सुकट मात्र चालते. ती तीन पिशव्यांत गुंडाळली, तरी वास राहिलाच.

थेट विमान महाग पडत होते, म्हणून दुबईवरून गेलो. तीन-सव्वातीन तास दुबईपर्यंत, तिथे पाच तास बैठक, मग पावणेआठ तास बर्मिंगहॅमपर्यंत. विमान उतरताना मुलीचे कान दुखून ती कळवळली. लिमलेटच्या गोळ्या वरच्या बॅगेत राहिल्या होत्या. लहान मुलांना नेणाऱ्यांनी त्या खिशात ठेवाव्यात.

बर्मिंगहॅमला आई घ्यायला आली होती, रात्रपाळी करून तशीच. जाड कोट, लोकरीची टोपी, नाकापर्यंत मफलर. मुलीने तिला ओळखलेच नाही. ती आमच्या पायांमागे लपली. आईने टोपी काढली, मफलर काढला, त्या थंडीत केस मोकळे केले, तेव्हा कुठे पोरगी हळूहळू पुढे आली. चार महिने म्हणजे किती, हे आम्हाला तिथे कळले.

लेस्टर तिथून साठ-पासष्ट किलोमीटर. भाड्याचे घर, खाली एक खोली, वर दोन लहान. जानेवारीत सकाळी आठनंतर उजाडते आणि दुपारी चारला दिवे लावावे लागतात. भारताचे घड्याळ साडेपाच तास पुढे. रात्री अडीचला मुले टक्क जागी, कारण त्यांच्या पोटात सकाळचे आठ वाजलेले. चार रात्री आम्ही अडीच वाजता पोहे केले. फोडणी दिली की छतावरचा धुराचा भोंगा किंचाळायचा आणि आम्ही त्याच्याखाली टॉवेल हलवत उभे.

वीज आणि गॅसला आधी पैसे भरायचे मीटर होते. कोपऱ्यावरच्या दुकानात कार्ड नेऊन पैसे टाकायचे, संपले की हीटर बंद. एका रविवारी रात्री गॅस संपला. मीटरमध्ये थोडी उधारीची सोय असते, एक बटण दाबायचे असते. ते आम्हाला ठाऊक नव्हते. आई कामावर. तिघांनी एका रजईत रात्र काढली.

ही गोष्ट सकाळी समोरच्या घरातल्या गुजराती बांना कळली. त्यांनी येऊन बटण दाखवले, चहा पाजला आणि स्वतःची कथा सांगितली. ऑगस्ट १९७२ मध्ये युगांडात इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितले. त्यांतले सत्तावीस-अठ्ठावीस हजार ब्रिटनमध्ये आले. लेस्टरच्या नगरपालिकेने तर तिकडच्या 'युगांडा आर्गस' या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, आमच्या शहरात येऊ नका म्हणून. बा हसून म्हणाल्या, जाहिरात वाचली म्हणून तर शहराचे नाव कळले! त्यांच्या वडिलांचे कंपालात दुकान होते. इथे त्यांनी होजिअरीच्या कारखान्यात पाळ्या केल्या. आज बेलग्रेव्ह रोडवर साड्या, सोने, फरसाण सगळे मिळते. ज्वारीचे पीठही मिळते, पुडीवर 'जुवार' लिहिलेले.

बांनी आमचे आडनावही विचारले. आम्ही सांगितले. त्यांना त्यातून काही उलगडले नाही, त्यांनी पुढे साखर किती विचारले. आम्हाला किती हलके वाटले ते तुम्हाला वेगळे सांगायला नको.

घरी स्वयंपाक आमच्याकडे आला. मुंबईत चहापलीकडे आमची मजल नव्हती. पहिल्या भाकरीचा नकाशा झाला, पाचवी गोल आली. मुलांची आई रात्रपाळीवरून येऊन ती खाताना म्हणाली, "तुम्हाला हे करावं लागतंय, मला कसंतरी होतं." आम्ही म्हटले, अकरा वर्षे तू दोन्ही केलेस तेव्हा आम्हाला कधी कसेतरी झाले नाही.

जानेवारीच्या अखेरीस मुले शाळेत गेली. सरकारी शाळेला फी नाही, लहान तीन वर्गांना दुपारचे जेवणही फुकट. मुलगी त्यांत बसली, मुलाला डबा. आम्ही हौसेने चपातीला शेंगदाण्याची चटणी लावून दिली. दुपारी शाळेतून फोन. धावत गेलो. काही मुलांना शेंगदाण्याची इतकी अ‍ॅलर्जी असते की जीवावर बेतते, म्हणून शाळेत शेंगदाणा आणायचाच नाही. बाईंनी शांतपणे समजावले, पण मुलगा तीन दिवस आमच्याशी नीट बोलला नाही.

मुलीची काळजी वेगळी होती. ती शाळेत एक अक्षर बोलेना. नाव विचारले तरी खाली बघायची.

दुसऱ्या परीक्षेला आठ दिवस उरले होते. पहिल्या वेळी आईचे हात बरोबर चालले होते, तोंड चालले नव्हते. इथे रुग्णाला आपले नाव सांगायचे, त्याचे नाव आणि जन्मतारीख विचारायची, मनगटावरची पट्टी तपासायची, अ‍ॅलर्जी विचारायची, काय करणार ते सांगून परवानगी घ्यायची, मग हात लावायचा. आपल्याकडे एका नर्सच्या वाट्याला इतके रुग्ण असतात की एवढे बोलायला सवड कुठली! म्हणून रोज संध्याकाळी सोफ्यावर रुग्ण झोपवून सराव सुरू झाला. आधी आम्ही रुग्ण. पण आम्हाला झोप लागायची. मग मुलीने जागा घेतली. कागदाची पट्टी मनगटाला बांधून ती गंभीरपणे पडायची. आई इंग्रजीत विचारायची, पोरगी इंग्रजीत नाव सांगायची, जन्मतारीख सांगायची. अ‍ॅलर्जी विचारली की म्हणायची, "पीनट." मुलगा तोंड फिरवून हसायचा. तेव्हापासून आमचा अबोला सुटला.

परीक्षा नॉर्थहॅम्प्टनला झाली. निकाल ई-मेलने येणार होता. ते चार दिवस आजीचा फोन सकाळ-संध्याकाळ यायचा, "जयभीम" झाल्याबरोबर पुढचा प्रश्न तोच. पाचव्या दिवशी आम्ही मीटरच्या कार्डात पैसे भरायला रांगेत उभे असताना रुग्णालयातून फोन आला. ती बोलेचना, नुसता श्वास ऐकू येत होता. आमच्या पोटात गोळा आला. मग म्हणाली, "झाले पास. आईंना आधी सांगा." दुकानदाराने विचारले, किती भरू? आम्ही नेहमीच्या दुप्पट सांगितले.

त्याच आठवड्यात मुलीच्या बाईंनी दारात थांबवून सांगितले, आज हजेरीला ती बोलली. नाव सांगितले आणि न विचारता जन्मतारीखही सांगितली.

आम्हाला स्वतःला काम मिळायला त्यानंतर बराच वेळ गेला. गोदामातल्या त्या रात्रपाळीची हकीकत पुढच्या खेपेस.